सर्वोच्च न्यायालयाच्या दोन वाटा: सोतोमायोर आणि केगन

अमेरिकेत फेडरल (केंद्रीय) न्यायाधीश होण्यासाठी परीक्षा नसते. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मंजुरी देते. म्हणूनच वाटा इतक्या वेगळ्या.

सोनिया सोतोमायोर पायरी पायरीने चढल्या: मॅनहॅटनमध्ये सरकारी वकील, १९९२ मध्ये जिल्हा न्यायाधीश, १९९८ मध्ये अपील न्यायालय, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालय. १९९५ मध्ये त्यांनी बेसबॉल संघमालकांविरुद्ध मनाई हुकूम दिला आणि कित्येक महिने चिघळलेला खेळाडूंचा संप मिटला. खालच्या कोर्टात साक्षीदाराचा चेहरा समोर दिसतो; मला तरी हा अनुभव अमूल्य वाटतो.

एलेना केगन हार्वर्डच्या लॉ स्कूलच्या डीन, मग सॉलिसिटर जनरल (सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणारे वकील), आणि २०१० मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात. त्याआधी एक दिवसही न्यायासनावर नाही! पण निकालपत्रं इतकी सुबोध, की कायदा न शिकलेल्यालाही कळावीत.