मधोमध थांबलेला काटा आणि ओबीडी स्कॅनर: आठ महिन्यांनंतर

गाडी १४ वर्षांची, पेट्रोलवरची, आणि मी तिचा तिसरा मालक. घेतल्यापासून दोन तक्रारी होत्या. थंड इंजिन सुरू केलं की पट्ट्याच्या बाजूने खरखर यायची, आणि गर्दीत अडकलं की कधीतरी तापमानाचा काटा एकदम लाल रेषेकडे झेपावायचा. मी लगेच दोन्हींची सांगड घातली: वॉटर पंपाचं (इंजिनमध्ये थंडावा देणारं पाणी फिरवणाऱ्या पंपाचं) बेअरिंग गेलंय म्हणून आवाज, पंप धड फिरत नाही म्हणून गरम. पंप बदलून घेतला. पट्टा नव्याने ताणून बसवल्यामुळे असेल, पण दोन दिवस खरखर कमी वाटली. आठवड्याभरात दोन्ही दुखणी जागच्या जागी. काढलेला पंप हातात घेऊन फिरवला तर कुठे अडकणं नाही, की डगडगणं नाही. चांगला पंप मी स्वतःच्या हट्टाने काढायला लावला होता.

मग एका मेकॅनिकने बॉनेटला कान लावला आणि हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधलं सील) गेल्याचं जाहीर केलं. इंजिन खोलायच्या आधी मी हा छोटा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर घेतला, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे आणि बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायचा, आकडे फोनवर दिसतात. (हे सॉकेट अमेरिकेत १९९६पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१पासून सक्तीचं आहे. त्याहून जुनी गाडी असेल तर आधी सॉकेट आहे का ते बघा.)

पहिल्याच दिवशी कळलं की डॅशबोर्डवरचा काटा म्हणजे निव्वळ समजूत काढणारा माणूस. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) ७० अंशांवर असतानाही काटा मधोमध, १०८ वर गेलं तरी मधोमध. त्यानंतर जी उडी मारायचा ती थेट लालकडे. तोवर मी ‘अचानक गरम होते’ असं सगळ्यांना सांगत फिरत होतो. अचानक काहीच होत नव्हतं, तापमान चांगलं दहा-बारा मिनिटं चढत असायचं.

आठवडाभर मी नुसते आकडे बघितले. हायवेवर ७० ते ७४, त्याच्या वर जायचंच नाही. सिग्नलला थांबलं की ९०, ९८, १०५ असं चढत जायचं. एसी लावला की मात्र चढणं थांबायचं! हे मला सगळ्यात चक्रावणारं वाटलं, कारण एसीने इंजिनवरचा भार वाढतो. उत्तर रेडिएटरसमोर उभं राहिल्यावर मिळालं. माझ्या गाडीत दोन पंखे आहेत, एक रेडिएटरचा आणि एक एसीच्या कंडेन्सरचा (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचा). रेडिएटरचा पंखा फिरतच नव्हता, एसी लावल्यावर दुसरा त्याचं काम थोडंफार करायचा. मोटरला थेट बॅटरीचे १२ व्होल्ट दिले तरी ती ढिम्म, लाकडी दांड्याने हलकेच ठोकलं की सुरू. कार्बन ब्रश झिजले होते. (पंख्याजवळ हात नेण्याआधी बॅटरीची वायर काढा. गरम इंजिनचा पंखा चावी बंद असतानाही फिरू शकतो.)

हायवेवरच्या ७०चा उलगडा स्कॅनरवर दिसलेल्या पी ०१२८ या बिघाडाच्या कोडने केला. इंजिन थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट अडवणाऱ्या झडपेच्या) तापमानापर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ. त्याचं घर (ती झडप बसते तो डबा) उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही. गरम होते म्हणून आधी कुणीतरी तो काढून टाकला होता. म्हणजे पंख्याच्या आजारावर थर्मोस्टॅटचा बळी! नवा ८२ अंशांचा बसवला, पंख्याची मोटर बदलली, रेडिएटरचं झाकणही बदललं. अर्धं पाणी, अर्धं कूलंट हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. झाकणाने दाब धरला तर १२५च्या आसपास. त्यामुळे ढिलं झाकण ही किरकोळ गोष्ट नाही. आता हायवेवर ८४ ते ९०, गर्दीत ९७ला पंखा लागतो आणि ९२ला बंद होतो. सहा महिने झाले, यात फरक नाही.

हेड गॅस्केटचं काय? ज्वलनातला वायू कूलंटमध्ये शिरला तर पिवळं पडणारं निळं द्रव मिळतं, त्याने तपासलं. निळं ते निळंच राहिलं.

खरखर मात्र या स्कॅनरला ऐकू येत नाही, त्याला कान नाहीत. तिथे जुनीच युक्ती चालली. थंड इंजिनवर पट्टा काढला आणि अर्धा मिनिट इंजिन चालवलं. आवाज गायब, म्हणजे इंजिनच्या पोटात काही नाही. (टायमिंगचा पट्टा नव्हे, बाहेरचा! आणि अर्ध्या मिनिटाहून जास्त नको, वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर फिरत असतो.) मग एकेक पुली हाताने फिरवली. ताण देणाऱ्या पुलीच्या बेअरिंगमध्ये वाळू भरल्यासारखं लागलं. ती बदलली, खरखर संपली. गरम होण्याशी तिचा काडीचाही संबंध नव्हता.

स्कॅनरची खोडी सांगायलाच हवी. तो सॉकेटमध्येच राहिला तर बॅटरी पितो. चार दिवस गाडी उभी होती तेव्हा मला धक्का मारून सुरू करावी लागली. ब्लूटूथ अधूनमधून तुटतं. पाचव्या महिन्यात त्याने एके सकाळी उणे ४० अंश दाखवले आणि पंखा सतत फिरत राहिला. सेन्सरचा प्लग निसटला होता. गाडीकडून शून्य आलं की त्यातून ४० वजा करून अंश काढतात, म्हणून उणे ४०. याहून धोकादायक म्हणजे कूलंट गळून गेलं आणि सेन्सर कोरडा पडला तर आकडा कमीच दिसू शकतो. त्यामुळे टाकीतली पातळी मी अजूनही सकाळी डोळ्यांनीच बघतो.

थंड इंजिनला पहिला मिनिटभर टॅपेटची (इंजिनच्या झडपा हलवणाऱ्या भागांची) बारीक टिकटिक अजून आहे. गरम झालं की जाते. पुढच्या ऑइल बदलाला ती तपासून घेणार आहे, तोपर्यंत कुठलाही पार्ट मागवणार नाही.