चकती की पत्ते?

दोऱ्यांना एक नियम लावून द्यायचा आणि नक्षी काय उमटते ते बघायचं, असा प्रयोग करायचा असेल तर कुमिहिमोची, म्हणजे जपानी पद्धतीने दोऱ्यांचा गोफ विणायची, चकती घ्यावी की दोऱ्यांची सपाट पट्टी विणायचे भोकांचे पत्ते?

तयारीत चकती बरीच पुढे. काठाला खाचा असलेली फोमची चकती आणि आठ दोरे, झालं. पत्त्यांना प्रत्येकी चार भोकं. वीस पत्ते म्हणजे 80 दोरे ओवून ताणायचे. चिकाटी लागते.

नियमांचा खरा खेळ मात्र पत्त्यांचाच. चकतीच्या नेहमीच्या आठदोरी वेणीत वरचा उजवा दोरा खाली, खालचा डावा वर, मग चकती फिरवायची. हीच चाल शेवटपर्यंत. बदलते फक्त रंगांची मांडणी, आणि तेवढ्यावरही पीळदार पट्टे किंवा ठिपके निघतात. पत्त्यांत दर फेरीला प्रत्येक पत्ता पुढे फिरवायचा की मागे, हे वेगळं ठरवता येतं. मग आडवा धागा घालायचा. दिशा बदलली की तिथेच नक्षी वळते, हे बघणं फार सुंदर! एकाच दिशेने फिरवत राहिलात तर पत्त्यांमागे पीळ साचतो, तो सहसा उलट फिरवून सोडवतात.

चूक उसवणं चकतीवर सोपं.

गोल दोरी आणि कुठेही नेता येणारं काम हवं असेल, तर चकती. कागदावर नियम मांडून ते पट्टीवर पडताळायची हौस असेल, तर पत्तेच घ्या; सुरुवातीला दहा पुरेत.