लाकडी फळ्यांचं घर : चौदा महिने राहिल्यावर

नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या पुढे, डोंगराच्या उतारावर आमचं छोटं घर आहे. भिंती विटांच्याच, बाहेरून थर्मो-पाइनच्या उभ्या फळ्या. हे लाकूड साधारण २०० अंशांवर वाफेत भाजतात, रसायन घालत नाहीत. बुरशीला लागणारं खाद्य त्यात फारसं उरत नाही आणि ते पाणीही कमी पितं. सागाचा विचार होता, पण भाव ऐकून गप्प बसलो.

विकणारा म्हणाला होता, ‘मेंटेनन्स शून्य.’ जुलैतच उत्तरेच्या कोपऱ्यात वाळवीच्या मातीच्या नळ्या वर चढलेल्या दिसल्या. भाजलेलं लाकूड वाळवीला वर्ज्य नसतं, हे तेव्हा कळलं. ठेकेदाराने फळ्या थेट मातीपर्यंत आणल्या होत्या. सासरे बघून म्हणाले, “जावईबापू, हे तर ताट वाढून ठेवलंय तिला!” शेवटी खालून वीतभर कापून काळ्या दगडाचं जोतं उघडं केलं. तेव्हापासून त्रास नाही.

खरी किमया फळ्यांमागच्या इंचभर पोकळीची. पश्चिमेची झड थेट फळ्यांवर आदळायची, तरी आतल्या भिंतीला ओल आली नाही. एप्रिलमध्ये दुपारी तीनला त्याच भिंतीला आतून हात लावून पाहिला, तर गार नव्हती, पण शहरातल्या आमच्या फ्लॅटसारखी चटकाही देत नव्हती. पोकळीला खालून जाळी मात्र आठवणीने लावून घ्या. आमच्याकडे आधी गांधीलमाश्यांनी बिऱ्हाड थाटलं होतं.

रंगाचं म्हणाल तर पश्चिमेची बाजू एका पावसाळ्यात राखाडी झाली, वळचणीखालचा पट्टा अजून मधासारखा आहे. शेजारच्या काकांनी विचारलं, “रंग द्यायचा राहिला का?” उत्तरेला हौसेने जवसाचं तेल लावलं, तर त्यावर पावसाळ्यात काळ्या बुरशीचे ठिपके धरले. माझ्या हातानेच केलेली चूक, ठेकेदाराला कसा बोल लावणार?

‘निसर्गात मिसळणारं घर’ हे मे महिन्यात खरं वाटतं. वाळलेलं गवत, उघडा कातळ, त्यात हे राखाडी घर रस्त्यावरून शोधावं लागतं. ऑगस्टच्या हिरवळीत मात्र लांबूनही दिसतं. आणि मार्चमध्ये त्याच गवताला वणवा लागतो, म्हणून घराभोवतीचं गवत काढून जाळरेषा राखतो. त्या दिवसांत रात्री झोप जरा सावधच असते.

पश्चिमेला तपकिरी रंगाचं तेल द्यायचं का, यावर घरात एकमत नाही. मी राखाडीच्या बाजूने आहे.