‘४८ रंग, आर्टिस्ट ग्रेड’: प्रवासी जलरंगांच्या डब्यात काय निघालं

४८ हाफ पॅन (जलरंगाची वडी बसवलेले छोटे चौकोनी कप), वॉटर ब्रश (दांड्यातच पाणी भरायचा ब्रश) आणि ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) कॉटन कागदाचं पॅड, सगळं एका डब्यात. अशी जाहिरात बघून मागवलेला डबा तपासल्यावर जे निघालं ते इथे तपशिलात देत आहोत. पैसे भरण्याआधी एवढं वाचाच.

पॅन बाहेरून नेहमीच्याच मापाचे, साधारण २० बाय १५ मिलिमीटर. एक वडी टोकदार सुरीने उचकटली तेव्हा कळलं, तळ आतून वर उचललेला आहे आणि रंगाचा थर जेमतेम ३ मिलिमीटर. नीट भरलेल्या हाफ पॅनमध्ये दीड ते दोन मिलिलिटर रंग बसतो, इथे त्याच्या निम्माही नव्हता.

वेष्टनावर रंगांची नावं मोठी छान, पण रंगद्रव्याचा कोड, म्हणजे आत नेमकं कोणतं द्रव्य आहे ते सांगणारी खूण, एकाही वडीवर नाही. इथेच सावध व्हायला हवं. अल्ट्रामरीन निळा म्हणजे पीबी २९, हे चांगला उत्पादक छापतोच. नुसतं ‘सॅफायर ब्लू’ लिहिलं की आत वाटेल ते घालायला मोकळीक. (‘कॅडमियम यलो ह्यू’ यातला ‘ह्यू’ मात्र फसवणूक नाही. कॅडमियमऐवजी दुसरं द्रव्य वापरलंय, हे त्यात उघड सांगितलेलं असतं.)

गुलाबीचा पट्टा ओढून अर्ध्यावर काळा कागद लावला आणि उन्हाच्या खिडकीत ठेवला. तीन आठवड्यांत उघडा भाग जवळजवळ पांढरा झाला, म्हणजे आत न टिकणारा डाय (विरघळणारा रंग) होता. बाकीच्या बऱ्याच वड्यांत खडूसारखा भराव. ओलं असताना झगझगीत, वाळलं की धुरकट, आणि दुसरा थर दिला की खालचा झाकून जातो. जलरंगाची सगळी पारदर्शकता तिथेच गेली.

कागदाची लबाडी काट्यावर पकडता येते. ए५ पान ३०० जीएसएमचं असेल तर ९.३ ग्रॅम भरतं. पुठ्ठा वगळून १० पानं ९३ ग्रॅमच्या आसपास हवीत. ही भरली ६१, म्हणजे कागद २०० जीएसएमच्याही आतला. वॉश (पातळ रंगाचा सलग थर) पसरायच्या आत शोषला जात होता आणि मास्किंग टेप काढताना वरचा पापुद्रा निघून आला.

वॉटर ब्रशमध्ये पाणी भरून टोक खाली धरलं तर थेंब आपोआप पडत होते, पाणी अडवणारा बोळाच आत नव्हता. चांगला ब्रशही विमानात भरून नेऊ नका, केबिनमधला दाब उतरला की आतली हवा फुगते आणि पाणी बाहेर ढकलते.

त्यापेक्षा रिकामा पत्र्याचा डबा, १२ रिकामे हाफ पॅन आणि कोड छापलेल्या ५ मिलिलिटरच्या ट्यूब घ्या. एका ट्यूबमध्ये दोन-तीन पॅन होतात. एकदम काठोकाठ भरू नका, वरून साय धरते आणि आतला रंग ओलाच राहतो. अर्धा भरा, टूथपिकने ढवळून बुडबुडे काढा, एक-दोन दिवस उघडा वाळवा, मग उरलेला भरा. पीवाय १५० (पिवळा), पीव्ही १९ (गुलाबी), पीबी २९ आणि पीबी १५ (दोन निळे) आणि पीबीआर ७ (तपकिरी) एवढ्यांवर बहुतेक निसर्गचित्रं होतात. काम झाल्यावर डबा ओला बंद केलात तर बुरशी धरेल.

तयार डबा आधीच मागवला असेल तर रंगाला पाणी लावू नका. वापरलेला माल परत घेताना विक्रेते हमखास कुरकुर करतात. आधी कोड बघा, मग पॅड तोला, मग एक वडी कोरडीच उचकटून तळ बघा, आणि पाकीट फोडल्यापासून सगळ्याचं चित्रीकरण करून ठेवा.