संशोधनासाठी परदेशी सामग्री : थेट आयात, रुपयांतील खरेदी की कुरिअर?

गोवा विद्यापीठाच्या ताळगाव पठारावरील एखाद्या विभागात, दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत किंवा फर्मागुढीच्या आयआयटीत परदेशी बनावटीचे उपकरण वा रसायन लागले, की संशोधकापुढे प्रामुख्याने तीन वाटा असतात. संस्थेच्या नावाने थेट आयात करायची, भारतातील वितरकाकडून रुपयांत विकत घ्यायचे, किंवा आंतरराष्ट्रीय कुरिअरने दारापर्यंत मागवायचे. खरेदी समितीच्या बैठकीत चर्चा बहुधा सीमाशुल्कातील सवलतीपासून सुरू होते आणि तिथेच संपते. ही सवलत आता पूर्वीइतकी निर्णायक राहिलेली नाही, म्हणून आधी तिचाच हिशेब मांडतो.

वैज्ञानिक उपकरणे, त्यांचे सुटे भाग, प्रयोगात खर्ची पडणारी सामग्री आणि संगणक यांवरील मूळ सीमाशुल्क संशोधन संस्थांना ५ टक्के लागावे, अशी तरतूद १९९६ च्या ५१ क्रमांकाच्या अधिसूचनेने केली आणि खरेदी विभागांत ती आजही ‘एकावन्न-शहाण्णव’ याच नावाने ओळखली जाते. तिच्यासाठी संस्थेची डीएसआयआरकडे, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाकडे, नोंदणी लागते, सामग्री संशोधनासाठीच आवश्यक असल्याचे संस्थाप्रमुखांचे प्रमाणपत्र प्रत्येक आयातीला जोडावे लागते, आणि उपकरण बसवल्यापासून ५ वर्षे ते विकता वा हस्तांतरित करता येत नाही. रुग्णालये तिच्या कक्षेबाहेर आहेत, हे बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर संयुक्त प्रकल्प करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. सशर्त सवलतींना कायद्याने मुदत असल्यामुळे अधिसूचनेचा चालू क्रमांक आणि वैधता ऑर्डर देण्यापूर्वी कस्टम एजंटाकडून लेखी घ्यावी.

समजा, विमा आणि विमानभाडे धरून उपकरणाचे मूल्य १० लाख रुपये आहे. सवलतीने ५ टक्के शुल्क म्हणजे ५०,००० रुपये, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार ५,००० रुपये आणि या सर्वांच्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी, १,८९,९०० रुपये, असा एकूण खर्च १२,४४,९०० रुपये होतो. सवलत नसती आणि शुल्क ७.५ टक्के असते, तर हाच आकडा १२,७७,३५० रुपये झाला असता. म्हणजे कागदपत्रांच्या एवढ्या खटाटोपातून १० लाखांमागे वाचतात ३२,४५० रुपये. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संशोधन संस्थांना १७ जुलै २०२२ पर्यंत जीएसटीही ५ टक्केच लागत असे. ती तरतूद गेली आणि खर्चाचा मोठा बोजा तेथूनच वाढला. मात्र ती रुपयांतील खरेदीलाही लागू होती, त्यामुळे ती गेल्याने दोन्ही वाटा सारख्याच महागल्या.

मग वितरकाकडून घेण्यात तोटा कुठे आहे? त्याच्या नफ्यात. आयातीच्या वेळी भरलेला आयजीएसटी वितरक स्वतःच्या पुढील जीएसटीतून वळता करून घेतो, परंतु पूर्ण सीमाशुल्क आणि नफा किमतीत मिळवून त्यावर पुन्हा १८ टक्के जीएसटी लावतो, आणि तो विद्यापीठाला सहसा वळता करून घेता येत नाही. वरच्याच उपकरणावर त्याने १० टक्के नफा धरला, तर बिल १४,०५,०८५ रुपयांचे होते आणि थेट आयातीशी तफावत १,६०,१८५ रुपयांपर्यंत जाते. प्रत्यक्षात उत्पादक वितरकाला बरीच सूट देतो आणि नफा त्या सुटीतूनच निघतो, त्यामुळे तफावत कमी असू शकते. ती किती हे तर्काने ठरवण्यापेक्षा एकाच उपकरणाचे परकीय चलनातील आणि ‘एफओआर’ म्हणजे प्रयोगशाळेपर्यंत पोहोच धरून रुपयांतील, अशी दोन्ही कोटेशने मागवावीत. थेट आयातीच्या आकड्यात एजंटाचे शुल्क, कार्गो टर्मिनलचे भाडे, बँकेचे पतपत्राचे (लेटर ऑफ क्रेडिट) कमिशन आणि माल मुंबईला उतरला तर तेथून आणण्याचा खर्चही मिळवावा. हे खर्च मालाच्या किमतीबरोबर त्या प्रमाणात कमी होत नाहीत, म्हणून चाळीस-पन्नास हजारांच्या रसायनासाठी थेट आयात करणे मला सरळसरळ अव्यवहार्य वाटते.

पैशांहून अधिक विचार जबाबदारीचा करावा. थेट आयातीत कायद्याच्या दृष्टीने आयातदार विद्यापीठ असते. विमानाने माल येण्याच्या दिवसअखेरपर्यंत बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे सीमाशुल्क विभागाकडे द्यायचे आयातीचे विवरणपत्र, दाखल व्हावी अशी अपेक्षा असते. उशिराबद्दल पहिले ३ दिवस प्रतिदिन ५,००० आणि पुढे प्रतिदिन १०,००० रुपये आकार लागू शकतो, शुल्क भरण्यास विलंब झाल्यास १५ टक्के दराने व्याज लागते, आणि टर्मिनलचे डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचे भाडे, वेगळे. गोव्यात याला एक स्थानिक पदर आहे. ३ डिसेंबरला, म्हणजे सेंट झेवियरच्या फेस्ताच्या दिवशी, आणि १९ डिसेंबरला, मुक्तिदिनी, येथील कार्यालये बंद असतात, चतुर्थीत तर आठवडा कसा जातो ते सर्वांना ठाऊक आहे. मुंबईचे टर्मिनल मात्र त्या दिवसांचेही भाडे मोजत राहते. कुलसचिवांची सही लागणारी कागदपत्रे उपकरण परदेशातून निघण्यापूर्वीच तयार ठेवणे हा यावरचा एकमेव उपाय आहे.

बहुतेक खोळंबे वर्णनातील विसंगतीने होतात. पुरवठादाराच्या इन्व्हॉइसवर ‘थर्मल सायकलर, ९६-वेल ब्लॉकसह’ असे असेल आणि संस्थेच्या प्रमाणपत्रावर त्याच यंत्राला नुसते ‘पीसीआर मशीन’ म्हटलेले असेल, तर सीमाशुल्क अधिकाऱ्याने विचारणा करणे रास्तच आहे. प्रोफॉर्मा (आगाऊ दिलेल्या) इन्व्हॉइसवरील शब्द, मॉडेल क्रमांक आणि एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक, प्रमाणपत्रात, पर्चेस ऑर्डरवर आणि विमापत्रात जसेच्या तसे उतरवावेत. परदेशी सहकाऱ्याने मोफत पाठवलेल्या वस्तूवरही सीमाशुल्कासाठी मूल्य लिहावेच लागते. किंमत शून्य लिहिल्याने शुल्क शून्य होत नाही.

वॉरंटीचा मुद्दा कोटेशन पाहताना हटकून निसटतो. वॉरंटीत फुकट आलेल्या बदली भागावरही आयात शुल्क आकारले जाते. थेट आयात केली असेल तर ते भरणे आणि भाग सोडवून घेणे विद्यापीठाच्या गळ्यात पडते. रुपयांत घेतले असेल तर करारानुसार ती वितरकाची डोकेदुखी. तीन-चार वर्षे सतत चालणार असलेल्या, सुटे भाग वारंवार लागणाऱ्या उपकरणासाठी मी वितरकाला थोडी अधिक किंमत मोजायला तयार असेन.

रसायनांचे गणित निराळे आहे. ५०० ग्रॅम किंवा ५०० मिलीलिटरपर्यंतच्या बांधणीत येणारी प्रयोगशाळेतील रसायने सीमाशुल्काच्या ९८०२ या शीर्षाखाली येतात. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात त्यांवरील शुल्क १० टक्क्यांवरून १५० टक्के झाले आणि संशोधकांत खळबळ उडाल्यावर थोड्याच दिवसांत, स्वतःच्या वापरासाठी आयात करणाऱ्यांपुरते, अटींसह ते पुन्हा १० टक्के करण्यात आले. त्यामुळे वितरकाकडे साठ्यात असलेले रसायन आणि खास मागवून घ्यावे लागणारे रसायन यांच्या दरांत तफावत दिसली, तर ती कोणत्या शुल्कामुळे आहे हे विचारण्याचा अधिकार खरेदीदाराला आहे.

कुरिअर ही सर्वांत सोयीची वाट वाटते आणि लहान सुट्या भागांसाठी ती आहेही. परंतु प्राणी, वनस्पती, त्यांचे भाग आणि नाशिवंत माल कुरिअरच्या सुलभ पद्धतीतून सोडवता येत नाही. असे पाकीट नेहमीच्या कार्गो प्रक्रियेत जाते आणि ड्राय आइसवर आलेली एन्झाइम्स तोवर निकामी होतात. शीतसाखळीचा माल आठवड्याच्या सुरुवातीला रवाना करण्यास पुरवठादाराला सांगावे, म्हणजे तो शनिवार-रविवारी टर्मिनलवर पडून राहणार नाही. मातीचे वा गाळाचे नमुने मागवणाऱ्यांसाठी वनस्पती संगरोध आदेश, २००३ नुसार परवाना लागतो आणि तो ठरावीक प्रवेशस्थानांतूनच चालतो. जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांसाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपासून सुरुवात करावी लागते. अशा मालाच्या बाबतीत परवाना हाती येईपर्यंत एअरवे बिल, म्हणजे विमानमालाची पावती, बनूच देऊ नये.

माल मुंबईला उतरवावा की गोव्यात, हा थेट आयातीतील दुसरा निर्णय. गोव्यातील दाबोळी किंवा मोपा विमानतळावर उतरलेला माल घराजवळ असतो आणि शंका निघाल्यास विभागातील माणूस स्वतः जाऊन उपकरणाचा उपयोग समजावून सांगू शकतो. तथापि येथे थेट येणारी आंतरराष्ट्रीय विमाने मोजकी आणि बहुतांशी अरुंद धाटणीची, त्यामुळे मोठी लाकडी पेटी त्यांच्या मालकक्षात शिरतच नाही. मुंबई विमानतळाच्या सहार कार्गो संकुलात विमाने, एजंट आणि वैज्ञानिक मालाचा सराव असलेले अधिकारी अधिक आहेत, पण तेथून पुढे रस्ता आहे, आणि मुंबई-गोवा रस्त्याची ख्याती वाचकांना सांगायला नको. लहान, नाजूक आणि तातडीचा माल गोव्यात, मोठे क्रेट मुंबईत, असे मी ठरवीन. मुंबईमार्गे आणताना विमा परदेशी गोदामापासून आपल्या प्रयोगशाळेपर्यंतचा असावा. पेटीवरील धक्कादर्शक स्टिकर लाल झालेले असेल, तर पोचपावतीवर सही करण्याआधी तसा शेरा लिहून छायाचित्र काढावे, अन्यथा विमा कंपनीपुढे बाजू लंगडी पडते.

काही पुरवठादार ‘डीडीपी’, म्हणजे शुल्कासह दारपोच, अशी मोहक किंमत देतात. यात आयातदार म्हणून कोणाचे नाव लागणार हे आधी विचारावे. नाव त्यांच्या एजंटाचे असेल तर संस्थेची सवलत लागू होत नाही आणि किमतीत पूर्ण शुल्क धरलेले असते. नाव विद्यापीठाचे असेल तर विलंबाचा आकार आणि विचारणेची उत्तरे विद्यापीठाकडेच येतात. वित्ताधिकाऱ्यांकडे फाइल पाठवण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर पुरवठादाराकडून ईमेलवर घेऊन तो कागद कोटेशनला जोडावा.