रात्रीच्या मॅक्रोसाठी फोल्डिंग डिफ्यूझर: उजेड झकास, व्हेल्क्रो भिकार

रात्री जंगलात किडे-कोळ्यांचे मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायचे तर लेन्सपेक्षा डिफ्यूझरवर (फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणारं कापड) आधी खर्च करा, असं माझं तरी मत आहे. १:१ ला (किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा) फोकसमध्ये जेमतेम मिलिमीटरभर राहतं, म्हणून लेन्सचं छिद्र बारीक करून एफ/११ च्या आसपास जावंच लागतं आणि मग सगळा उजेड फ्लॅशचाच, नुसता फ्लॅश मारला तर भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढराफटक डाग आणि बाकी अंधार. हा फोल्डिंग डिफ्यूझर लावला की तो डाग पसरून मऊ होतो, पाठीवरचे बारीक खळगेसुद्धा दिसतात, लांडगा कोळ्याच्या पुढच्या मोठ्या डोळ्यांतली चमक पण बोचत नाही. (हे कोळी शोधायला टॉर्च कपाळावर लावा, लांबूनच डोळे चकाकतात.)

आता वैताग. दमट हवेत व्हेल्क्रो सैल पडतं, पुढची कड लोंबते, पानाला जरा टेकली की किडा गायब! शिवाय हेडटॉर्चचा उजेड कापडाने अडतो, फोकस जुळवायला लागणाऱ्या लाइटसाठी एक भोक ठेवायला काय जात होतं यांचं? मी लेन्सला रबरबँड लावून बारका टॉर्च आतून बसवलाय, तसं चालतंय.