जेने की मोप्ती: मालीतली दोन नदीकाठची गावं

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात बानी नदीच्या खोऱ्यात जेने, आणि हीच बानी नायजर नदीला मिळते तिथे मोप्ती. मातीच्या भव्य मशिदीमुळे (१९०७) जेनेचं नाव जगभर गेलं. राहायचं कुठे म्हणाल, तर सोयींच्या बाबतीत मोप्ती उजवं आहे.

मोप्ती प्रदेशाचं मुख्य ठिकाण, म्हणून दवाखाना, कचेऱ्या, बाजार सगळं हाताशी; विमानतळ शेजारच्या सेवारेत. बंदरावर लांबट लाकडी होड्या, वाळवलेल्या मासळीचे ढीग, वाळवंटातल्या तावदेनीच्या खाणीतून आलेल्या मिठाच्या लाद्या.

जेनेत आठवड्याचा मोठा बाजार सोमवारी, मशिदीपुढेच. पुराच्या दिवसांत गावाभोवती पाणीच पाणी. नळ आले, पण गटारं मागे राहिली, त्यामुळे सांडपाणी अरुंद गल्ल्यांत साचतं आणि मातीच्या भिंतींच्या पायाशी मुरतं. पाणी आणताना त्याच्या निचऱ्याचा विचार आधी व्हायला हवा होता, ही खंत मला फार वाटते.

तरीही मन ओढतं ते जेनेकडेच. दरवर्षी अख्खं गाव मशीद लिंपायला उतरतं. पोरं खड्ड्यात भाताचं तूस मिसळलेली माती पायांनी तुडवतात, बाया पाणी वाहून आणतात आणि गवंडी भिंतीतून बाहेर आलेल्या ताडाच्या लाकडांवर पाय रोवून वर चढतात. आपल्याकडे शेणमातीने भिंत सारवलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तो ओला वास लगेच आठवेल.

मालीतल्या २०१२ पासूनच्या सशस्त्र संघर्षाने दोन्हीकडचे पर्यटक आटले. मार्गदर्शक, होडीवाले, खाणावळी, सगळ्यांच्याच पोटावर पाय आला.